रेडिओ संकेतांवरील देखरेख व ओळख (खानदेश)

कोणत्या वारंवारतेवर, कुठून, किती ताकदीने आणि कोणत्या प्रकारचा रेडिओ संकेत निघतो आहे हे सतत मोजायचे आणि तो परवान्याप्रमाणे आहे का ते पडताळायचे, या कामाला वर्णपटावरील, म्हणजे रेडिओ वारंवारतांच्या एकूण पट्ट्यावरील, देखरेख म्हणतात. एकाच भागात एकाच वारंवारतेवर दोन प्रक्षेपक चालू झाले की दोघांचेही बोलणे वाया जाते. पांझराकाठच्या फड पद्धतीत पाण्याची पाळी ठरलेली असते, तरी पाळी मोडून कोणी पाणी वळवले तर ते पाटकऱ्याच्या ध्यानात यावे लागते. वर्णपटाचे वाटपही कागदावर होते आणि देखरेखीवर टिकते.

भारतात वारंवारतांचे नियोजन व परवाने दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा (स्थापना 1952) पाहते. मोजमाप आणि तपास वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन करते. तिच्या केंद्रांपैकी दोन मुंबई व नागपूर येथे आहेत आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे या दोहोंच्या मधे पडतात. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात स्पष्ट केले. या कामाचे खरे महत्त्व त्या एका वाक्यात आहे.

संकेत ओळखण्याची सुरुवात नेहमीचे काय आहे हे माहीत असण्यापासून होते. जळगाव आकाशवाणीची मध्यम लहरीवरील वारंवारता 963 किलोहर्ट्झ आहे. आपल्याकडे मध्यम लहरींचे पट्टे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने आखलेले असल्याने 963 हा आकडा 9 ने बरोबर भागला जातो. एखादा मध्यम लहरीवरचा संकेत या जाळीत बसत नसेल तर तो प्रसारण केंद्राचा असण्याची शक्यता कमीच. वर्णपट दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मध्यम लहरीचे केंद्र मधोमध एक उभी वाहक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्याच छटा असे दिसते. स्टीरिओ एफ.एम. केंद्र सुमारे 200 किलोहर्ट्झ रुंद पसरते आणि त्याच्या आत 19 किलोहर्ट्झचा खुणेचा सूर (पायलट टोन) असतो. फोर-जी संकेत 5, 10 किंवा 20 मेगाहर्ट्झ रुंदीचा, माथा सपाट असलेला ठोकळा दिसतो. विमानतळाचा बोलण्याचा पट्टा 118 ते 137 मेगाहर्ट्झचा आहे. तिथले बोलणे आजही आयाम-अधिमिश्रणावर, म्हणजे जुन्या ए.एम. पद्धतीने चालते. त्यामुळे त्या पट्ट्यात एफ.एम. बोलणे ऐकू आले तर जाणकार लगेच कान टवकारतो.

दिशा शोधण्याचे तत्त्व साध्या ट्रान्झिस्टरवरही तपासता येते. मध्यम लहरीच्या ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची आडवी कांडी असते. अमळनेरला 963 लावून ट्रान्झिस्टर सावकाश फिरवला की एका ठिकाणी आवाज झपकन खाली जातो. त्या वेळी कांडीचे टोक केंद्राकडे, म्हणजे साधारण पूर्वेला असते. चाळीसगावला हेच केले तर कांडी ईशान्येला वळलेली सापडेल. नकाशावर या दोन रेघा जळगावच्या परिसरात छेदतात. एकट्या कांडीला पुढचे टोक कोणते आणि मागचे कोणते हे सांगता येत नाही, म्हणून दुसरे ठिकाण लागतेच. रात्री आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परतणाऱ्या लहरी मिसळतात आणि दिशा डळमळते, त्यामुळे हा प्रयोग दिवसाचा. व्यावसायिक यंत्रे अनेक अँटेनांवरील कलाफरक (लहरीच्या चढउताराच्या टप्प्यांतला फरक) किंवा पोहोचण्याच्या वेळेतील फरक मोजतात. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 300 मीटरची चूक. सातपुड्याच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगरकड्यावर आपटून आलेली व्ही.एच.एफ. (30 ते 300 मेगाहर्ट्झची) लहर कड्याचीच दिशा दाखवते, म्हणून दरीत उभे राहून घेतलेले एकच माप पुरावा धरू नये.

कित्येकदा पडद्यावरचा संकेत हवेत नसतोच. जवळच्या जोरदार प्रक्षेपकाने ग्राहक यंत्र भारावले की ते आतल्या आत खोटे संकेत तयार करते. त्याची परीक्षा सोपी आहे. अँटेना आणि यंत्र यांच्यामध्ये 10 डेसिबलचा क्षीणक, म्हणजे संकेताची ताकद तेवढी कमी करणारा भाग, जोडा. खरा संकेत 10 डेसिबलनेच उतरेल. यंत्रात जोरदार संकेत एकमेकांत मिसळून, तिसऱ्या क्रमाच्या मिश्रणातून, उपजलेला खोटा संकेत 30 च्या आसपास कोसळेल. ही परीक्षा न करता कोणावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे.

तक्रारींच्या मुळाशी दर वेळी चोरटा प्रक्षेपक असतो असे नाही. वीजवाहिनीवरील सैल जोडात ठिणगी पडते तेव्हा 50 हर्ट्झच्या प्रत्येक अर्धफेरीला एक, म्हणजे सेकंदाला 100 वेळा कडकड होते आणि कानाला घरघर ऐकू येते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती वाढते आणि पहिल्या पावसानंतर अनेकदा थांबते. उलट ओल्या हवेत वाढणारा गोंगाट उच्चदाब तारांवरच्या करोनाचा (तारेभोवतीच्या हवेत होणाऱ्या विद्युत गळतीचा) किंवा मळलेल्या इन्सुलेटरचा समजावा. सौर पंपाचे इन्व्हर्टर आणि स्वस्त एल.ई.डी. दिव्यांचे ड्रायव्हरही गोंगाट करतात. त्यांची खूण म्हणजे ठरावीक अंतराने उभ्या राहणाऱ्या, किंचित सरकत जाणाऱ्या रेघा. पंप बंद झाला की त्या नाहीशा होतात. इथे सर्वांत मोलाचा साक्षीदार शेतकरी ठरतो, कारण लाइट कधी येते आणि मोटर कधी चालू होते हे त्यालाच ठाऊक असते.

विनापरवाना मोबाईल बूस्टरने होणारे नुकसान मात्र गंभीर असते. तळघरातले दुकान, पत्र्याचे गोदाम किंवा जाड भिंतींचा वाडा, जिथे रेंज येत नाही तिथे तो बसवला जातो. त्याच्या दोन अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या की बूस्टर स्वतःच ओरडू लागतो आणि फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या पट्ट्यात गोंगाट भरतो. परिसरातल्या फोनवर पूर्ण दांड्या दिसतात, पण कॉल लागत नाहीत, कारण टॉवर बहिरा झालेला असतो. अशी उपकरणे परवानगीशिवाय विकणे व वापरणे बेकायदा आहे.

भुसावळसारख्या जंक्शनवर रेल्वेचे बिनतारी संच गाडी चालवण्याच्या सुरक्षिततेशी जोडलेले असतात. रेल्वेला 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यात 5 मेगाहर्ट्झ देण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला, म्हणून तिथला अनोळखी संकेत आधी तपासावा लागतो. सीमेवरची गोष्ट वेगळी आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे. मोबाईल वर्णपटाचा लिलाव दूरसंचार परिमंडळानुसार (सेवेसाठी आखलेल्या विभागानुसार) होत असल्याने एकाच कंपनीचे दोन्ही बाजूंचे पट्टे वेगळे असू शकतात. तिथे परका वाटणारा संकेत अनेकदा पलीकडच्या परिमंडळाचा, पूर्ण कायदेशीर असतो. त्याची शहानिशा दोन्ही परिमंडळांच्या नोंदी शेजारी ठेवूनच करता येते.