व्हर्च्युअल डिझाइन स्टुडिओ

वेगवेगळ्या गावी असलेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी संगणक-जाळ्यावरून एकत्र संकल्पन करण्याची अध्यापनपद्धती.

तिचा आरंभ नेमका कधी धरावा, यावर मतभेद संभवतात. अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या 1962 च्या अहवालात संगणकावर इमारतीचा आराखडा करणारा वास्तुविशारद येतो. त्यांनीच 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, मेन्लो पार्कमधील सहकाऱ्याशी जोडलेला सामायिक पडदाही दाखवला. पण त्या अहवालातला वास्तुविशारद एकटा आहे आणि प्रात्यक्षिकात वास्तुशिक्षण नाही. म्हणून 1992-93 च्या सुमाराचे विद्यापीठीय प्रयोग हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे येर्झी वोयतोविच आणि 1992 मध्ये हार्वर्डहून एमआयटीत अधिष्ठाता म्हणून गेलेले विल्यम मिचेल ही त्यांतील ठळक नावे. भर ई-मेल व फाइलींच्या देवाणघेवाणीवर होता. व्हिडिओ संवाद महाग आणि अडखळता.

1997 चा प्रयोग सर्वांत बोलका आहे. हाँगकाँग, झुरिक व सिअ‍ॅटल ही शहरे घड्याळात साधारण आठ-आठ तासांच्या अंतरावर. एकीकडचा दिवस मावळला की पुढच्या शहरात काम सुरू होई. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात घडलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक टप्प्याअखेर सर्व आराखडे सामायिक विदागारात जात आणि पुढच्या टप्प्यासाठी विद्यार्थी दुसऱ्याचा आराखडा निवडे. कोणता आराखडा कोणापासून निघाला, याची वंशावळ सर्वांना दिसे. एकट्याच्या कर्तृत्वावर गुण देण्याच्या प्रथेलाच हा धक्का होता, आणि या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

प्रमाणाचा (स्केलचा) प्रश्न मात्र सुटलेला नाही. कागदावर एकाच इमारतीचा 1:50 चा नकाशा 1:200 च्या नकाशापेक्षा उघडच मोठा असतो. पडद्यावर झूम केले की हा फरक डोळ्यांना जाणवेनासा होतो. शिक्षक शीटवर बटर पेपर (अर्धपारदर्शक कागद) ठेवून दुरुस्ती सुचवतात तेव्हा मूळ रेषा शाबूत राहते. मिरोसारख्या सामायिक फलकावर शेरा व मूळ रेखाटन वेगळे ठेवण्याची शिस्त आधी लावावी लागते. रेव्हिट या इमारतींचे संगणकीय मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जण स्थानिक प्रतीवर काम करून ती मध्यवर्ती मॉडेलशी जुळवतो. ही सोय व्यावसायिक कार्यालयांसाठी घडलेली आहे.

भारतात मार्च 2020 च्या टाळेबंदीनंतर स्टुडिओ व ज्युरी (परीक्षकांपुढील सादरीकरणे) झूम, गूगल मीटवर आल्या. हाताने केलेल्या मॉडेलची जागा मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांनी घेतली.