आज्ञा मोडली म्हणजे विश्वास सुटला का? टिकाव धरणे आणि आज्ञा पाळणे यांतला फरक

जो शेवटपर्यंत टिकाव धरील तोच तरेल, असे प्रभू येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो. माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल, असे तोच योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो. ही दोन वचने उपदेशात इतक्या वेळा एकापाठोपाठ येतात की ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचे एकच वाक्य होऊन बसते: आज्ञा पाळत राहिलो तर टिकलो, मोडली की संपलो.

या गोंधळाने चांगली माणसे आतून खचतात. जुने व्यसन पुन्हा डोके वर काढते किंवा व्यवहारात लबाडी हातून घडते, आणि माणूस प्रभुभोजन घ्यायचे थांबतो. मग घरातली प्रार्थना सुटते, मग रविवारची उपासना. त्याला मंडळीने बाहेर काढलेले नसते. आज्ञा मोडली त्या अर्थी विश्वासही गेला, हा निकाल त्याने स्वतःच देऊन टाकलेला असतो. दुसरीकडे, एकदा धैर्याने साक्ष दिली, बाप्तिस्मा घेताना घरच्यांचा विरोध सोसला, म्हणजे आता आपले पक्के झाले असे समजून निर्धास्त झालेलेही असतात. दोघांचीही चूक एकाच जागी आहे.

आज्ञापालन हे नेहमी एखाद्या ठरावीक शब्दापुढे उभे असते. नोहाला तारू बांधायला सांगितले, त्याने बांधले. अब्राहामाला आपला देश सोडून नीघ म्हटले, तो निघाला. शौलाला अमालेक्यांची गुरेमेंढरे राखू नकोस म्हटले होते, त्याने त्यांतली उत्तम तेवढी राखली आणि वर देवाला अर्पण करण्यासाठीच ठेवली असे सांगितले. पाळले की नाही, हे त्या दिवशी, त्या बाबतीत सांगता येते. टिकाव धरण्याचे तसे नसते. तो एका दिवसात तपासता येत नाही, कारण त्यात प्रश्न असतो तो कोणाला धरून राहिलात याचा. योहानाच्या पंधराव्या अध्यायात वेल आणि फाट्यांबद्दल जे सांगितले आहे ते आधी माझ्यामध्ये राहण्याबद्दल आहे. फळाचा विषय त्या राहण्यातून येतो.

आणि दोन्हींपैकी एकही तारणाची किंमत नव्हे. इफिसकरांस लिहिताना पौल हे अगदी स्पष्ट करतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचे दान म्हणून, कर्मांमुळे नाही. लगेच पुढच्या वचनात तो सत्कृत्यांचाही उल्लेख करतो, पण ती कृत्ये तारण झालेल्याने करायची म्हणून आधीच तयार ठेवलेली आहेत.

शुभवर्तमानात या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणारी दोन कुटुंबे आहेत. लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला भाऊ बापाला ऐकवतो की इतकी वर्षे तुमची चाकरी केली, तुमची एकही आज्ञा कधी मोडली नाही. ते खोटे आहे असे बाप म्हणत नाही. तरी गोष्ट संपते तेव्हा हा आज्ञाधारक मुलगा घराबाहेर उभा आहे आणि सगळे उधळून आलेला धाकटा आत जेवायला बसला आहे. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात एक मुलगा द्राक्षमळ्यात जायला साफ नकार देतो, मग पस्तावतो आणि जातो. दुसरा 'जातो महाराज' म्हणतो आणि जातच नाही. पहिल्याने आज्ञा मोडली होती, पण तो बापाला सोडून गेला नव्हता. पस्तावायला अजून नाते शिल्लक होते.

हा फरक मंडळीला प्रत्यक्ष, रक्त सांडून शिकावा लागला तो इ.स. २५०च्या सुमारास. रोमी सम्राट डेसियसाने हुकूम काढला की साम्राज्यातल्या सर्वांनी देवदेवतांना यज्ञ करावा आणि तसा दाखला घ्यावा. हे दाखले आजही पाहायला मिळतात. इजिप्तच्या कोरड्या हवेत पपायरसवर लिहिलेले चाळीसहून अधिक टिकून राहिले, त्यांतले बरेचसे फायूम भागातल्या थिआडेल्फिया गावचे, २५०च्या जून-जुलैतले. मजकूर साचेबंद आहे. मी देवांना नेहमीच यज्ञ करत आलो आहे, आताही तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे यज्ञ केला, पेयार्पण ओतले, नैवेद्य चाखला, तरी तुम्ही खाली तसे लिहून द्यावे, ही विनंती. त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात अधिकाऱ्यांची नोंद: यज्ञ करताना तुला पाहिले. चार ओळींचा कागद, आणि त्यात पहिली आज्ञा मोडल्याचा सरकारी पुरावा.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात दाखल्यासाठी ख्रिस्ती लोकांची झुंबड उडाली. तिथले बिशप सिप्रियन यांनी लिहून ठेवले आहे की संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणत होते, तरी लोक आजच उरकून घ्या म्हणून विनवत होते. काहींनी यज्ञ केला, काहींनी नुसता धूप जाळला, आणि काहींनी पैसे चारून, यज्ञ न करताच दाखला मिळवला. काहींनी तुरुंगवास आणि यातना सोसून नकार दिला; हे साक्षीदार. खुद्द सिप्रियन शहराबाहेर लपून राहिले आणि तिथून पत्रांनी मंडळी चालवली. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली.

छळ ओसरला, आणि पडलेले लोक रडत परत दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूंनी ठाम भूमिका घेतली: ज्याने यज्ञ केला त्याला देव क्षमा करील तर करो, मंडळीने परत घ्यायचे नाही. त्यांच्या अनुयायांची वेगळी मंडळी झाली. या भूमिकेमागे पावित्र्याची खरी तळमळ होती हे मी नाकारणार नाही. पण तिच्या मुळाशी तीच गल्लत आहे: आज्ञा मोडली तो क्षण म्हणजेच टिकाव संपल्याचा क्षण, असे तिने धरले. दुसऱ्या टोकाला कार्थेजमध्येच असे लोक होते की तुरुंगवास सोसलेल्या साक्षीदारांकडून शिफारसपत्र आणायचे आणि पश्चात्तापाचा काळ न घालवता थेट प्रभुभोजनाला यायचे. इथे मोडलेल्या आज्ञेला काही वजनच उरले नाही.

सिप्रियन यांनी दोन्ही बाजू नाकारल्या. २५१ सालच्या कार्थेजच्या धर्मसभेत ठरले की प्रत्येकाचे प्रकरण वेगळे तपासायचे. नुसता दाखला घेतलेल्यांना पश्चात्तापानंतर परत घ्यायचे; प्रत्यक्ष यज्ञ केलेल्यांनी पश्चात्तापात राहायचे, मरणाच्या दारी त्यांना शांती द्यायची. थोड्याच काळात नव्या छळाची चिन्हे दिसली, तेव्हा पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सगळ्यांनाच आत घेतले. त्यामागचा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो: ज्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला आपण नाकारतो, त्यांना ख्रिस्तासाठी आपले रक्त सांडा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पडलेल्यांविषयी लिहिताना त्यांनी कॅस्टस आणि एमिलियस या दोघांची आठवण दिली. आधीच्या एका छळात हे दोघे यातनांपुढे हरले. दुसऱ्यांदा अग्नीपुढे उभे केले तेव्हा मात्र हटले नाहीत. सिप्रियन यांच्या मते पहिल्या झुंजीत हरलेल्यांना प्रभूनेच दुसऱ्या झुंजीत विजयी केले. आज्ञापालनाच्या हिशेबाने पाहिले तर या दोघांच्या खात्यावर एक भयंकर नकार आहे, आणि टिकाव धरण्याच्या बाबतीत ते साक्षीदारांच्या रांगेत आहेत.

याच्या नेमके उलट, न डगमगलेल्या साक्षीदारांनाही सिप्रियन यांनी बजावले. तुरुंगातून बाहेर आल्यावर त्यांतले काही जण उन्मत्तपणे वागू लागले होते, फुटीर गटांत सामील झाले होते. त्यांना ते सांगतात की साक्ष देणे ही गौरवाची सुरुवात आहे, मुकुट अजून मिळालेला नाही, आणि साक्षीनंतर धोका उलट वाढतो. आधार म्हणून ते शेवटपर्यंत टिकण्याचे तेच वचन देतात. आज्ञापालनाची एखादी मोठी, प्राणांतिक कृती झाली तरी टिकाव आगाऊ जमा होत नाही. खुद्द सिप्रियन यांची साक्ष २५८ साली झाली. एका गावात छळ झाला तर दुसरीकडे पळून जा, या प्रभूच्या सांगण्याचा आधार घेऊन लपलेल्या याच माणसाने व्हॅलेरियन सम्राटाच्या काळात यज्ञाला नकार दिला आणि तलवारीखाली मान दिली.

मग टिकणे हे माणसाच्या मनोबलाचे काम आहे का? या प्रश्नावर उत्तर आफ्रिकेतलेच बिशप ऑगस्टीन यांनी म्हातारपणी, ४२८-४२९च्या सुमारास, एक ग्रंथच लिहिला आणि शेवटपर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे असे मांडले. त्यासाठी त्यांनी पुरावा घेतला तो सिप्रियन यांनी प्रभूच्या प्रार्थनेवर केलेल्या विवेचनाचा. तुझे नाव पवित्र मानले जावो, असे म्हणताना आपण बाप्तिस्म्यात मिळालेल्या पावित्र्यात टिकून राहण्याचीच मागणी करतो. जे रोज मागावे लागते ते आपल्या खिशातले कसे असेल, हा ऑगस्टीन यांचा मुद्दा.

पुढे मंडळ्यांमध्ये मतभेद झाले ते बहुतांशी टिकण्याविषयी. आज्ञा पाळायला हव्यात याबद्दल फारसा वाद नव्हता. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितले की शेवटपर्यंतचा टिकाव हे मोठे दान आहे, पण ते आपल्याला नक्की मिळणारच असे विशेष प्रकटीकरणावाचून कोणी ठामपणे म्हणू नये. शिवाय प्राणघातक पापाने कृपा जाते, विश्वास मात्र त्यानेच जातो असे नाही, असा बारकावाही तिने नोंदवला. प्रेस्बिटेरियन ज्या परंपरेतले, त्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या १६१८-१९च्या डॉर्टच्या सभेने दावीद आणि पेत्र यांची उदाहरणे देऊन मान्य केले की खरे विश्वासीही गंभीर पापात पडतात, पण देव त्यांना कायमचे पडू देत नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी मात्र विश्वासी माणूस कायमचा दूर जाऊ शकतो असे शिकवले. या तिन्ही परंपरा महाराष्ट्रात आणि गोव्यात शेजारी शेजारी नांदतात. वसईचा कॅथलिक, प्रेस्बिटेरियन वारसा सांगणारा आणि मेथडिस्ट एकाच लग्नात भेटतात आणि प्रसंगी यावर वादही घालतात. त्या वादात एक गोष्ट लक्षात घ्यावी: एका पापाने देवाचा आणि माणसाचा सगळा हिशेब कायमचा मिटला, असे तिघांपैकी कोणीच म्हणत नाही. परत येण्याची वाट तिघेही दाखवतात.

फरक ओळखला की धीर देण्याची रीतही बदलते. ज्याने आज्ञा मोडली आहे त्याला नुसते 'धीर धर, टिकून राहा' म्हणणे ही पळवाट आहे. त्याच्याशी त्या आज्ञेबद्दलच बोलावे लागते: काय केले, कोणाचे नुकसान झाले, ते कसे भरून देणार. जक्कयाने फसवून घेतलेल्याच्या चौपट परत देण्याची तयारी दाखवली, ती तारण विकत घेण्यासाठी नव्हती. तारण घरात आले होते म्हणून होती. त्या माणसाला प्रभुभोजनापासून स्वतःहून दूर जाऊ न देणे आणि पापाचे नाव घ्यायला लावणे, ही दोन्ही कामे पाळकाला एकाच वेळी करावी लागतात.

जो थकला आहे त्याची गरज निराळी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले वाचक असेच थकलेले दिसतात. पूर्वी त्यांनी मालमत्तेची लूटही आनंदाने सोसली होती. आता ते हळूहळू वाहवत चालले होते आणि काहींनी एकत्र जमणेच सोडले होते. लेखक त्यांच्यापुढे मोडलेल्या आज्ञांची यादी वाचत नाही. तुम्हाला सहनशक्तीची गरज आहे असे तो सांगतो, त्यांचे जुने दिवस त्यांना आठवून देतो, येशूकडे बघायला सांगतो, आणि 'आज' म्हटले जात आहे तोवर दररोज एकमेकांना बोध करा, एकत्र येणे सोडू नका, असे काम त्यांच्याच हाती देतो.