पीएसएलव्ही आणि एसएसएलव्ही एकच समजू नका

इस्रोचं कुठलंही रॉकेट उडालं की आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर "पीएसएलव्ही गेलं बे" असा मेसेज पडतोच, मग ते एसएसएलव्ही का असेना. दोन्ही श्रीहरिकोट्यातून उडतात, दोन्ही उपग्रह नेतात, गोंधळ होणारच, पण निदान अकरावी-बारावी सायन्सच्या पोरांना तरी हा फरक पक्का माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आकाराचं पटकन सांगतो. पीएसएलव्ही 44 मीटर, त्याचं एक्सएल मॉडेल 320 टनांचं, चांद्रयान-1 आणि मंगळयान त्यानंच नेलं. एसएसएलव्ही 34 मीटर, वजन साधारण 120 टन, 500 किलोपर्यंतचे उपग्रह 500 किलोमीटरवर सोडतं.

पण खरी गोष्ट म्हणजे कक्षा आणि तारीख कोण ठरवतं. 2017 ला पीएसएलव्हीनं एका उड्डाणात 104 उपग्रह सोडले, त्यात मेन होता कार्टोसॅट-2 मालिकेतला उपग्रह, बाकीचे छोटे त्याच्यासोबत, म्हणजे त्याची कक्षा तीच यांची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचा एखादाच गठ्ठा ट्रान्सपोर्टला टाकला की गाडी भरेपर्यंत थांबायचं आणि गाडी जाईल त्याच रूटनं माल जाणार, तसंच. एसएसएलव्ही छोट्या उपग्रहासाठीच निघतं, त्याला पाहिजे त्या कक्षेत.

आता इंधन. पीएसएलव्हीत घन, द्रव, घन, द्रव असे चार टप्पे. एसएसएलव्हीत तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे, म्हणून तयारी लवकर होते, पण घन इंधन एकदा पेटलं की मध्येच बंद करता येत नाही, त्यामुळे शेवटी वेग नेमका जुळवायला वर एक छोटा द्रव इंधनाचा भाग बसवलाय, व्हीटीएम म्हणतात त्याला. 7 ऑगस्ट 2022 च्या पहिल्या उड्डाणात हाच भाग कामाला आला नाही. दुसरा टप्पा सुटताना जोराचा हादरा बसला, वेगातला बदल मोजणारे सेन्सर क्षणभर गडबडले, कॉम्प्युटरनं ते सगळे खराब धरून बाजूला काढले, आणि 356 किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह 356 बाय 76 च्या लांबट कक्षेत गेले. 76 किलोमीटरवर हवा लागते, उपग्रह टिकतच नाही. शाळेतल्या मुलींनी मिळून केलेला आझादीसॅट त्यात गेला, फार वाईट वाटलं. पण 10 फेब्रुवारी 2023 ला दुसरं उड्डाण जमलं आणि आझादीसॅट-2 वर गेला. पीएसएलव्हीचंही 1993 मधलं पहिलं उड्डाण फसलं होतं, हे लोक विसरतात.

अजून एक. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेकडे, सरळ दक्षिणेला गेलं तर वाटेत श्रीलंका येते, म्हणून रॉकेट वळसा घेतं. पीएसएलव्हीला तो परवडतो, छोट्या रॉकेटला त्या वळशापायी उपग्रहाचं वजनच कमी करावं लागतं. म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला नवीन तळ बांधतायत, तिथून दक्षिणेला नुसता समुद्र.

आणि 2025 मध्ये एसएसएलव्ही बनवायचं काम एचएएलनं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं, बोलीत जिंकलंय. पीएसएलव्हीच्या मोटरची (घन इंधन भरतात त्या भागाची) आवरणं आपल्या शेजारच्या वालचंदनगरला बनलीत, तेव्हा मशिन शॉपवाल्यांनो, एचएएलच्या टेंडरवर आत्तापासून लक्ष ठेवा.