पंचवीसचा आकडा आला कुठून? बिनलायसनची ई-बाईक आणि हिरव्या प्लेटची ई-बाईक

कुठल्याही तालुक्याच्या गावात बाजारपेठेतनं एक चक्कर मारा, "नो लायसन, नो आरटीओ, नो पेट्रोल" असा एक तरी फ्लेक्स दिसणारच. त्याच रस्त्यावर चार दुकानं पुढे गेलं की दुसऱ्या शोरूममध्ये हिरव्या नंबर प्लेटची, म्हणजे आरटीओ पासिंगवाली, बॅटरीची स्कूटर उभी असते आणि तिची किंमत ऐकून माणूस परत पहिल्या दुकानाकडे वळतो. माझ्या आत्याचं नेमकं हेच झालंय. तिला भाजी, बँक आणि नातवाची शाळा एवढ्याचसाठी गाडी हवीये, लायसन आयुष्यात कधी काढलेलं नाही, आणि तिचा प्रश्न एकदम सरळ, "दोन्ही बॅटरीवरच चालतात ना रे, मग एकीला कागद लागतात आणि दुसरीला नाही, असं कसं?"

याचं उत्तर शोरूमवाला देत नाही, कारण त्याला गाडी खपवायची असते. त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

सायकल आणि मोटरसायकल यांच्या मधलं वाहन आपल्याकडे काही नवीन नाही. १९७२ साली कायनेटिकची लुना आली, ५० सीसीचं इंजिन आणि खाली चक्क पेडल. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी जा, असं लोक गमतीने म्हणायचे, ज्यांनी खरंच मारलंय त्यांना मात्र ती गंमत वाटत नाही. पण पेडल असलं तरी कायद्याच्या नजरेत लुना मोटारवाहनच, म्हणजे नंबर पाहिजे, लायसन पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बिनगिअरच्या गाडीसाठी वयाची अट १६ वर्षांची ठेवली, त्यामुळे दहावी झाली की लर्निंग काढायचं अशी पद्धतच पडली, पण लायसनमधून लुनाची सुटका नव्हती. इंजिन आलं की आरटीओ आलं, लोकांच्या डोक्यात हिशोब एवढा साधा होता.

हा हिशोब बिघडवला तो जपानने. १९९३ मध्ये यामाहाने पास नावाची सायकल आणली, तिच्यातली मोटर स्वतःहून गाडी ओढत नव्हती, तुम्ही पेडल माराल तेव्हाच ती जोर लावायची आणि ताशी २४ किमीच्या आत तिची मदत संपायची. म्हणून तिथल्या कायद्याने तिला सायकलच मानलं. पुढे २००२ मध्ये युरोपनेही तसंच केलं, मोटर २५० वॉटपर्यंत, २५ किमीला मदत बंद, पेडल थांबलं की मोटर थांबली, एवढं असेल तर ती सायकल. त्याच वर्षी अमेरिकेने मोठा हात मारला, ७५० वॉटच्या आत आणि ताशी २० मैलाच्या आत, आणि नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता मूठ पिळून, चालली तरी हरकत नाही. मग २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून तीन क्लास पाडले, क्लास १ म्हणजे पेडल मारलं तरच मदत आणि ती २० मैलापर्यंत, क्लास २ मध्ये थ्रॉटल पण मर्यादा २० चीच, आणि क्लास ३ ला थ्रॉटल नाही पण मदत २८ मैलापर्यंत. तिकडे राहणारा चुलतभाऊ "क्लास ३ घेतली" असं ग्रुपवर टाकतो ते हे, आपल्याकडे गाडी घेताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही व्याख्या २००५ मध्ये आली, आणि आकडे बघितले की लगेच ओळखीचे वाटतात, मोटर पाव किलोवॉटच्या आत आणि वेग २५ च्या आत. पण इथेच एक मोठी मेख आहे आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. युरोपात या आकड्यांबरोबर पेडलची अट होती, गाडी मुळात सायकल असायला हवी होती. आपल्या नियमात पेडलवाल्या सायकलची सोय वेगळी केलीच, पण शेजारीच बिनपेडलच्या दुचाकीलाही तीच सूट देऊन टाकली. म्हणजे सायकलसाठी बेतलेला अंगरखा स्कूटरला घातला. मग काय, कंपन्यांनी स्कूटरचा सांगाडा घेतला, त्यात बारकी मोटर आणि लेड-ॲसिडच्या बॅटऱ्या बसवल्या आणि २००६-०७ पासून बिनलायसनच्या गाड्यांची लाटच आली.

ती लाट पहिल्यांदा ओसरली तेव्हा कारण सबसिडीचं होतं. २०१० च्या शेवटी केंद्राने अनुदान सुरू केलं, २०१२ च्या मार्चनंतर ते बंद झालं आणि गावोगावचे डीलर शटर ओढून गेले. ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांच्या बॅटऱ्या एक-दोन वर्षांत बसल्या, नवीन सेट घ्यायला दुकानच उरलं नाही, आणि "इलेक्ट्रिक म्हणजे कचरा" हे आपल्याकडे तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच.

२०१५ ला केंद्राची फेम ही नवी अनुदान योजना आली, २०१८ च्या ऑक्टोबरपासून लेड-ॲसिडवाल्या गाड्यांचं अनुदान थांबलं, आणि १ एप्रिल २०१९ ला फेम-२ आली तिने तर रेषाच उलटी फिरवली. अनुदान पाहिजे तर गाडीचा कमाल वेग किमान ४० आणि एका चार्जमध्ये किमान ८० किमी, अशी तिची अट होती. म्हणजे जी गाडी कागदांतून सुटत होती तिचं अनुदान गेलं आणि जिला कागद लागतात तिलाच ते मिळायला लागलं. तोपर्यंत विकल्या जाणाऱ्या बहुतेक ई-टू-व्हीलर लो-स्पीड, म्हणजे बिनलायसनवाल्याच होत्या, त्यामुळे धंद्यात किती बोंबाबोंब झाली असेल बघा. पण पुढचे सगळे मोठे खेळाडू त्याच बाजूला उतरले. जानेवारी २०२० मध्ये बजाजची चेतक बॅटरीवर परत आली ती हिरव्या प्लेटसह. आणि गंमत म्हणजे चेतक मूळची १९७२ चीच, लुनाच्याच वर्षातली. लुनाही फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लुना होऊन परत आली, पेडल गळून पडलेले, आणि तीसुद्धा पासिंगवाली. बिनलायसनच्या बाजूला या दोघींपैकी एकही गेली नाही, यातच काय ते समजा.

आता बिनलायसनच्या गाडीतल्या एका वायरीची गोष्ट. आत्याबरोबर मी ज्या दुकानात गेलो तिथल्या पोराने सीट उचलली, कंट्रोलरच्या बाजूला दोन वायरींचं नखाएवढं कनेक्टर दाखवलं आणि म्हणाला, "काका, हे सुटं केलं की लॉक निघतंय, चाळीसला जाते आरामात." लॉक म्हणजे वेगाची मर्यादा. २५ ची गाडी म्हणून जी विकतायत ती मुळात २५ ची नाहीच, तिला गाठ मारून ठेवलीये, आणि गाठ कशी सोडायची ते विकणाराच शिकवतोय. हा प्रकार इतका वाढला की २०२२ च्या मे मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने सगळ्या आरटीओंना अशा गाड्या शोधून कारवाई करायला सांगितलं. कारण कनेक्टर सुटलं की सूट पण सुटली, गाडी त्या क्षणापासून मोटारवाहन, आणि तिला नंबर नाही, विमा नाही, चालवणाऱ्याकडे लायसन नाही. कुणाला धक्का लागला तर भरपाई मालकाच्या खिशातून. आणि हँडलवर आठवीतला पोरगा असेल, जो बऱ्याचदा असतो, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

पण लोक ती वायर का सोडतात हेही बघायला पाहिजे, सगळेच काही टारगट नसतात. आत्या, मागं नातू, पुढं दोन पिशव्या आणि गाडी मिळून १६० किलो धरा, आणि घराकडचा चढ वीस फुटाला एक फूट. २५० वॉटमध्ये ती गाडी कशीबशी ताशी १० किमीने चढेल, मागून एसटीचा हॉर्न. नियमातले २५० वॉट हे अर्धा तास सलग टिकणाऱ्या ताकदीचे असतात, त्यामुळे मोटर थोडा वेळ जास्त जोर मारू शकते, पण लांब चढाला तो जोर पुरत नाही. सपाट गावात, एकट्या माणसाला, दिवसाला चार-पाच किमीला ही गाडी उत्तम आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ई-सायकल तर आणखी बरी, तिथं नियम ज्या वाहनासाठी लिहिला ते वाहन तरी खरं असतं.

एक गोष्ट मात्र बिनलायसनवाल्या दुकानात मागायचीच, टाइप अप्रूव्हलचं सर्टिफिकेट. सूट आपोआप मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थेने ते मॉडेल तपासलेलं लागतं, जशी आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय. आम्ही मागितलं तर त्या पोराने मोबाईलवर एक फोटो दाखवला, आत्याने चष्मा लावून मॉडेलचं नाव वाचलं आणि म्हणाली, "हे तर दुसऱ्याच गाडीचं आहे."

तिने शेवटी लर्निंगचा फॉर्म भरलाय. परीक्षा पुढच्या मंगळवारी आहे आणि सध्या रोज संध्याकाळी नातू तिला रस्त्यावरची चिन्हं ओळखायला लावतोय, चुकली की हसतोय.