शेवटची तारीख नसलेले काम: बडोद्याच्या लहान व्यवसायांतली संगणक-सुरक्षा

बडोद्यातल्या काही लहान कारखान्यांचे आणि दुकानांचे हिशेब मी सांभाळतो. जीएसटीचे रिटर्न, टीडीएस, पीएफ, सगळ्यांना शेवटची तारीख असते आणि आदल्या रात्रीपर्यंत का होईना, काम उरकतेच. संगणकाच्या सुरक्षेला मात्र कुणी तारीख दिली नाही. हे काम मागे पडले ते मुख्यतः त्यामुळे. मालक बेफिकीर होते असे मला वाटत नाही. गेल्या काही वर्षांचा क्रम लावून पाहिला की हे ध्यानात येते.

आधी चोपडे होते. दिवसाची नोंद रोजमेळात, मग तिची खतावणी खातेवहीत. खातेवही भिजली किंवा वाळवीने खाल्ली, तर रोजमेळावरून ती पुन्हा उभी करता येई. हिशेबाचे टॅली हे सॉफ्टवेअर आले आणि दोन्ही वह्या एकाच संगणकात गेल्या. बेरजेच्या चुका थांबल्या, पण न मागता मिळणारी ती दुसरी प्रतही गेली. तेव्हा याची झळ लागली नाही, कारण हिशेबाचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नसे. फार तर पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचा.

मग सव्वा वर्षातच सगळे बदलले. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय सुरू झाले, 8 नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या चार माणसांच्या वर्कशॉपलाही इंटरनेट घेणे भाग पडले. घाई रिटर्न भरण्याची होती. पासवर्ड कोणाकडे असावा, हा प्रश्न त्या गडबडीत कुणी विचारला नाही.

जग नेमके त्याच महिन्यांत हादरत होते. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे विंडोजचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते, म्हणजे दोन महिने हाताशी होते. पण क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याशिवायची, विंडोज वापरणारे अपडेट बंदच करून ठेवतात. 27 जूनला, जीएसटीच्या चार दिवस आधी, नॉटपेट्या हा दुसरा घातक प्रोग्राम आला. तो पसरला युक्रेनमधल्या कर-हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मुंबईजवळच्या जेएनपीटीतले एक टर्मिनल त्याने ठप्प केले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच घाला येऊ शकतो, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तेव्हाच मनावर घ्यायला हवे होते. आम्ही सगळे त्या आठवड्यात जीएसटीची नोंदणी पुरी करत होतो.

पुढे ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल, आले. ऑक्टोबर 2020 मध्ये ते 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू होते. ती मर्यादा उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली. दर टप्प्याला नवे लहान व्यापारी त्यात आले आणि दर टप्प्याला एकेक लॉगिन वाढले. एकच पासवर्ड मालक, अकाउंटंट आणि सीएच्या ऑफिसातला मुलगा यांच्या व्हॉट्सॲपवर पडलेला मी कितीदा पाहिला आहे. त्यातला एक जण नोकरी सोडून गेला तरी पासवर्ड तोच.

सरकारी बाजू अगदी रिकामी नव्हती. सायबर हल्ल्यांकडे पाहणारी केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था 2004 पासून आहे. त्यांच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. लहान उद्योगांना हे त्याच वर्षी 25 सप्टेंबरपासून लागू झाले. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर 1930 हा मदतीचा नंबर आहे. चोरीचे पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जातात, म्हणून जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. पण हे सारे घडून गेल्यानंतरचे.

2024 चा पावसाळा मी विसरणार नाही. 19 जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. जुलैच्या शेवटी बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीला रॅन्समवेअरच्या घाल्याची झळ लागली आणि तिच्या सेवेवर चालणाऱ्या सुमारे 300 लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम थांबले. त्या बँकांत खाते असलेल्या दुकानदाराची यात काय चूक? आणि ऑगस्टच्या शेवटी बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली.

पाणी ओसरल्यावर मी मुजमहुड्यातल्या एका काकांच्या दुकानात गेलो. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेल्या सीपीयूत गाळ भरला होता.

"काका, बॅकअपची डिस्क?"

त्यांनी त्याच टेबलाचा खालचा खण ओढला. आतून पाणी सांडले.

जीएसटी पोर्टलवरून भरलेली रिटर्न मिळाली, 2बी या पोर्टलवरच्या खरेदीच्या तक्त्यावरून खरेदी जुळवली, बँकेचे स्टेटमेंट काढले. स्टॉक आणि किरकोळ उधारी मात्र कुठेच नव्हती. कोणाकडून किती यायचे, ते त्या गिऱ्हाइकांनाच विचारत काका महिनाभर फिरले. "लोकांनी खरं सांगितलं म्हणून तरलो," ते म्हणाले.

आता पहिल्यांदाच एक तारीख दिसते आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे. गिऱ्हाइकांचे नंबर आणि कामगारांच्या आधारच्या प्रती नीट न सांभाळल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. एवढा दंड लहान दुकानाला होईलच असे नाही, पण जबाबदारी त्यालाही आहे.

काका त्या तारखेसाठी थांबलेले नाहीत. सीपीयू आता भिंतीवरच्या फळीवर आहे. दोन डिस्क आहेत. त्यांतली एक दर शनिवारी दांडिया बाजारातल्या घरी, तिसऱ्या मजल्यावर जाते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती दुसऱ्या संगणकावर उघडून आम्ही दोन-चार खाती ताडून पाहतो. पहिल्याच सोमवारी ती उघडली नाही. बाहेर ऊन होते, दुकान चालू होते, आणि नवी डिस्क आणून दुपारच्या चहाच्या आत आम्ही सगळा डेटा पुन्हा उतरवून घेतला.