पिवळा उजेड धुकं कापतो का?

पावसाळा लागला की बेळगावातून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरणाऱ्या गाड्यांना पिवळे फॉग बल्ब लावायची घाई होते. पिवळा उजेड धुकं कापतो, असं दुकानदारही सांगतो आणि टॅक्सीवालाही. हे खरं नाही.

आकाश निळं दिसतं, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. पण हा नियम प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांचा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, आणि धुक्याचा थेंब बहुधा त्याच्या दहापट किंवा त्याहूनही मोठा. एवढा थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच. बल्बवरचा पिवळा लेप निळा भाग गाळतो. काहींच्या डोळ्यांना तो सौम्य वाटतो, पण एकूण उजेड थोडा घटतोच.

धुक्यात समोर उभी राहते ती पांढरी भिंत म्हणजे थेंबांवरून उलट डोळ्यात आलेला आपलाच उजेड. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावला की ती आणखी दाट होते. फॉग लॅम्प बंपरच्या खालच्या भागात असतो आणि त्याचा झोत रुंद, चपटा, वरून धारदार कापलेला असतो. उजेडलेलं धुकं खाली राहतं, नजर त्याच्यावरून जाते.

ही वरची कड बल्बच्या जागेवर ठरते. हेडलाइटच्या एच४ जातीच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट: अप्परचं ६० वॅटचं, रिफ्लेक्टरच्या नाभीवर, डिप्परचं, म्हणजे जवळच्या झोताचं, ५५ वॅटचं, थोडं पुढे. डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरकडे जाणारा प्रकाश अडवते, म्हणून झोत खालीच पडतो. फिलामेंट मिलिमीटरभर सरकलं तरी कड विस्कटते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातल्यावर समोरचा चालक दिपतो, कारण चिप बहुतेकदा फिलामेंटच्या नेमक्या जागी, नेमक्या आकाराची नसते. खोक्यावरचे ६००० केल्विन हा फक्त रंगाचा आकडा. त्यावरून किती लांबचं दिसेल ते कळत नाही.

म्हणून जुन्या बल्बच्या बुडावरचा कोड वाचूनच नवा घ्या. फॉगचे एच८ आणि एच११ दिसायला सारखे, पण पहिला ३५ वॅटचा, दुसरा ५५ चा. बुडावरचे खाचेत बसणारे कान घासून एच८ च्या जागी एच११ बसवला, तर प्लॅस्टिकचा लॅम्प उष्णतेने वाकतो. हेडलाइटला १००/९० (अप्पर १००, डिप्पर ९० वॅट) घातला, तर डिप्परचा प्रवाह सुमारे ४.६ अँपिअरवरून ७.५ वर जातो आणि वायरमधली उष्णता वर्गाच्या हिशेबाने जवळपास २.७ पट होते. रिले (जास्त प्रवाह पेलणारा वेगळा स्विच) आणि जाड वायर नसेल तर कप्लर, म्हणजे बल्बला वायर जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, वितळतो.

बल्बच्या काचेला बोट लावू नका. घामातल्या क्षारांमुळे तापलेली क्वार्ट्झ काच तिथे पांढुरकी होऊन तडकते. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. एच४ चा रुंद कान वर ठेवा, स्प्रिंग क्लिप पूर्ण अडकवा, रबरी टोपी नीट बसवा; नाहीतर लॅम्पमध्ये पाणी शिरतं. जाळीला लिंबू-मिरची बांधून घाटातलं वळण दिसत नाही. फॉगच्या काचेवरचा चिखल पुसला, तर दिसतं.

बल्ब बदलल्यावर सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. डिप्परची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं. हेडलाइट खालीवर करायची ० ते ३ आकड्यांची चकती असेल, तर ती तेव्हा पुढच्या आकड्यावर न्या.