फी सरकारची, मेस घरची : विदर्भातल्या कॉलेज-नोकरीच्या खर्चाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या पोरांना कॉलेजात आणि सरकारी नोकरीत वाटा मिळावा, ही मागणी महाराष्ट्र राज्यापेक्षा जुनी आहे. विदर्भाने मराठी राज्यात यायच्या अटी ठरवणाऱ्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातच वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा शिक्षणातले प्रवेश आणि शासकीय सेवेतली भरती लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे कबूल केले होते. पुढे संविधानाच्या कलम ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि राज्य सेवेतली संधी यांची न्याय्य व्यवस्था राज्यपालांकडे सोपवण्याची सोय झाली. त्यासाठीचे विदर्भ वैधानिक विकास मंडळ प्रत्यक्षात आले १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. हक्क कागदावर लवकर आला. त्याचे बिल कोणी भरायचे, हे मात्र वेळोवेळी बदलत गेले.

सुरुवातीला ते समाजाने भरले. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि नंतर श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: खेड्यातल्या मुलाची पहिली अडचण फी नव्हे, राहायची जागा, हे तेव्हाच्या लोकांना नेमके ठाऊक होते.

सरकारने हात घातला तो फीमध्ये. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. कॉलेजच्या ऑफिसात आजही तिला ‘भारत सरकार’ किंवा ‘जीओआय’च म्हणतात. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) म्हणून फीची सवलत मिळाली. पुढे अनुदानित कॉलेजांचे पगारही सरकारने उचलले. कॉलेजे वाढली तसा हा खर्च दरवर्षी चढत गेला, आणि तो परत खाली येणारा नव्हता.

१९८३ मध्ये यातून वाट काढली गेली. वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठही सुरू झाले. विनाअनुदानित कॉलेजला सरकारचा पैसा लागत नाही, असा तेव्हाचा हिशेब होता. तो पहिल्या दिवसापुरताच खरा ठरला, कारण पुढे याच कॉलेजांतल्या राखीव आणि गरीब विद्यार्थ्यांची फी प्रतिपूर्ती म्हणून तिजोरीतूनच जाऊ लागली. पगाराचा खर्च टळला आणि फीचा अंगावर आला.

या प्रतिपूर्तीत केंद्र आणि राज्य यांच्या वाटणीची मेख होती. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी राज्याने शिष्यवृत्तीवर जेवढा खर्च केला, तेवढा पुढच्या योजनेत राज्याचा कायमचा बोजा. केंद्र द्यायचे ते त्यावरचे. म्हणजे जे राज्य जास्त मुलांना शिकवेल, त्याच्याच डोक्यावर जास्त भार. अनुसूचित जातींच्या योजनेसाठी डिसेंबर २०२० मध्ये हे मोडून सरळ ६०:४० ठरले आणि केंद्राचा हिस्सा आधार जोडलेल्या खात्यात थेट जाऊ लागला.

नेमके तिथेच पैसे अडकतात. मुलगा अर्जात एका बँकेचे पासबुक जोडतो, पण आधार शेवटचे जोडले गेलेले असते दुसऱ्याच, कधी तरी शिबिरात उघडलेल्या जनधन खात्याला. पैसे तिकडे जातात. ते खाते व्यवहाराअभावी बंद पडले असेल तर परत फिरतात. अर्ज ‘मंजूर’ दिसतो, कॉलेजच्या वहीत फी बाकीच राहते आणि टीसी अडवली जाते. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन ‘आधार कोणत्या खात्याला मॅप आहे’ एवढे विचारले, तर यातला बराच त्रास वाचतो.

मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली: ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गट, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून. सरकारने वाढीव भार ९०६ कोटींचा धरला. व्यवस्थापन कोट्यातल्या मुलीला हे लागू नाही, आणि खोलीभाडे-मेस यात नाही.

खोली-मेससाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना ‘स्वाधार’ योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तरच. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये असा दर ठरला: भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. दहा महिने धरले तर जेवणाला दिवसाला ८३ रुपये. आकडा अगदीच वाईट नाही, पण मेसवाला महिन्याच्या महिन्याला मागतो आणि सरकारी रक्कम कधी कधी परीक्षा झाल्यावर येते. मधले महिने बाप सावकाराकडून किंवा कापूस विकून काढतो.

अंतराचा खर्च वेगळाच. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्यातल्या मुलाचे विद्यापीठ साडेतीनशे किलोमीटरहून लांब, नागपुरात होते. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, तो ज्या गावाला कॉलेजच्या वेळेची गाडी आहे त्यांच्याच कामाचा.

नोकरीच्या बाजूने राज्याचा मोठा प्रयोग रोजगार हमीचा. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा मुख्यतः १९७५ च्या व्यवसाय करातून: पगारपत्रकात आजही ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे २,५००. पण ते अंगमेहनतीचे काम; बीए झालेल्या पोराला त्यातून काही मिळत नव्हते. त्याच्यासाठी सरकारने सरळ विद्यावेतन आणले ते २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत: बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना, सुरुवातीला सहा महिने. मुदत संपल्यावर नोकरीत घेण्याचे बंधन कुणावर नाही.

उलट दिशेनेही, म्हणजे पोरांकडून सरकारकडे, पैसा वाहतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १,०००, राखीवला ९००. गुणाकार केला तर ९० कोटींच्या वर जातो, आणि त्यात परीक्षा केंद्रापर्यंतचे एसटीचे भाडे धरलेले नाही.